चाळीस वस्तूंची साक्ष

"निर्देशांक केवळ अर्जदाराच्या स्वतःच्या मनाची साक्ष घेतो. अन्य कोणत्याही व्यक्तीचे मत निर्णयात विचारात घेतले जात नाही."

वकिलातीने व्हिसाच्या अर्जदारांसाठी काढलेल्या मराठी पुस्तिकेच्या सातव्या पानावर हे दोन वाक्यांचे कलम आहे. जुन्या हस्तलिखितांचे पाठ तपासणे हा माझा व्यवसाय. एखादे विधान कोणी केले, कोणाच्या सोयीसाठी केले आणि नक्कल करताना त्यातून काय गाळले, हे पाहण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. तेव्हा या दोन वाक्यांनाही मी पोथीइतकाच मान देते.

पहिले वाक्य अर्धे खरे आहे. अल्पकाळासाठी येऊ पाहणारा प्रत्येक माणूस परत जाणार नाही, असे त्या वकिलातीच्या देशाचा कायदा गृहीतच धरतो. परत जाईन हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. पूर्वी हे काम कागदांवर चाले. सातबारा, पगारपत्रक, मुलांच्या शाळेचे दाखले अशी चळत घेऊन माणूस काचेसमोर उभा राही आणि काचेपलीकडचा अधिकारी दीड मिनिटात त्याच्या अंतःकरणात शिरून बाहेर येई. सहा वर्षांपूर्वी हे अंतर्ज्ञान यंत्राकडे सोपवण्यात आले.

यंत्रामागचे विज्ञान निर्दोष आहे. त्यावरचे मूळ निबंध मी तळटीपांसकट वाचले आहेत. ओळखीची वस्तू दिसली, ऐकू आली किंवा तिचा वास आला, की तिचे नाव जिभेवर येण्यापूर्वीच, सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, मेंदूत विजेची एक लहर उठते. अनोळखी वस्तूला ती उठत नाही. आणि वस्तू नुसती ओळखीची नसून आपली असेल, तर त्या लहरीमागून दुसरी, संथ आणि लांब लहर येते. माणूस खोटे बोलू शकतो, पण इतक्या लवकर बोलू शकत नाही. दोन लाख प्रवाशांच्या कपाळाला संवेदकांची पट्टी बांधून त्यांना घरच्या आणि परदेशातल्या वस्तू आलटून पालटून दाखवण्यात आल्या. घरच्या वस्तूंना ज्यांची दुसरी लहर जोरकस उठली, त्यांच्यातले शंभरांपैकी चौऱ्याण्णव मुदतीत परतले. यातून शून्य ते एक असा 'प्रत्यागमन निर्देशांक' तयार झाला. साठ शतांशांच्या वर असेल तर पासपोर्टावर शिक्का. खाली असेल तर दोन वर्षे दार बंद.

दुसरे वाक्य मात्र निखालस खोटे आहे. माझ्या घरातल्या वस्तू कोणत्या, हे यंत्राला कसे कळणार? कोणीतरी सांगावे लागते. अर्जात आपल्याला जवळून ओळखणाऱ्या तिघांची नावे द्यायची. वकिलात त्यांतल्या एकाला गुपचूप गाठते आणि त्याच्याकडून अर्जदाराच्या घरगुती आयुष्यातल्या चाळीस वस्तूंची यादी मागवते: दृश्ये, आवाज, वास. त्याच्या वर्णनांवरून आणि चित्रफितींवरून यंत्र त्या वस्तू हुबेहूब उभ्या करते. तिघांपैकी कोणाला विचारले, हे अर्जदाराला कधीच सांगत नाहीत. म्हणजे प्रश्नपत्रिका तिसऱ्याने काढायची आणि परीक्षा फक्त विद्यार्थ्याची म्हणायची. ज्याने आयुष्यात एक पोथी संपादली आहे त्याला विचारा. काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे जो ठरवतो, त्याला वेगळे मत द्यावे लागत नाही.

माझा निर्देशांक एकोणीस शतांश आला.

मला जायचे होते ते तेरा पानांसाठी. आठशे वर्षांपूर्वीच्या एका अनामिक शिष्येने आपल्या गुरूंच्या आठवणी लिहून ठेवल्या: ते कोणत्या ओसरीवर बसत, ताक कोणत्या भांड्यातून पीत, थंडीत कोणते पांघरूण घेत. या 'स्मरणपोथी'च्या संपादनाला मी बावीस वर्षे दिली. तिची शेवटची तेरा पाने परदेशातल्या एका ग्रंथालयात सापडली. शाई कागदाला खात चालली आहे, म्हणून तीस नोव्हेंबरला ती पाने निष्क्रिय वायू भरलेल्या काचेत कायमची बंद होणार. छायाचित्रे आहेत, पण छायाचित्रांत कोरड्या बोरूचे ठसे दिसत नाहीत. शाई न घेता, नुसत्या दाबाने त्या बाईने समासात काहीतरी लिहिले आहे. ते वाचायला तिरपा प्रकाश लागतो, आणि ते पान हातात लागते.

ग्रंथालयाने मला चार महिन्यांची नेमणूक दिली होती. करारात ती तीन वर्षांपर्यंत वाढवण्याची तरतूद होती. तिच्यावर मी सही केली, कारण सहीशिवाय चार महिनेही मिळत नव्हते. ही तरतूद घरी सांगण्याचे कारण मला दिसले नाही.

घरी म्हणजे हेमराज यांना. हेमराज काळमेघ माझे पती. अमरावतीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ते फिटर विषयाचे निदेशक होते. गुडघ्यांमुळे त्यांनी लवकर निवृत्ती घेतली, आणि तेव्हापासून, खरे तर त्याच्या कितीतरी आधीपासून, घर तेच पाहतात. व्हिसाची फाइलही त्यांनीच लावली. भोके पाडून, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून, कागद क्रमाने लावणे त्यांना आवडते. इंग्रजी करारमदार ते वाचत नाहीत, अशी माझी समजूत होती.

चाचणीसाठी मुंबईला निघायच्या आठवड्यात ते अभ्यासिकेच्या दाराशी येऊन उभे राहिले होते.

"प्रोफेसरीणबाई, चाल एकडाव घर फिरून पाहू. समद्या लोकायचे कोचिंग क्लास चालू आहेत, म्हन्तात. आपन फुकटात करू."

"मला माझ्या घराची शिकवणी नको."

"दहा मिन्टं लागतीन. कूलरपासून सुरू करू, ओट्यावर संपवू."

"अहो, प्रूफं जायची आहेत माझी."

"बरं," ते म्हणाले, आणि दार ओढून घेऊन गेले. मला वेळ नव्हता, ही वस्तुस्थिती होती.

शिकवण्या खरोखरच निघाल्या होत्या. वकिलातीच्या रांगेत माझ्यापुढे सांगलीचे एक गृहस्थ होते, लेकीच्या बाळंतपणाला निघालेले. पारदर्शक पिशवीतले कागद ते पुन्हा पुन्हा मोजत होते.

"आठ दिवस बायकोनं घर पाठ करून घेतलं बघा," ते मागे वळून म्हणाले. "'हे आपलं पिंप. हा पिंपाचा पोचा. हा पोचा कुणी पाडला? तुम्हीच पाडला.' लग्नानंतर एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं आमचं."

"आणि पाठांतराने लहर उठते?"

"ते काय माहीत नाही हो. पण आता घरी जावंसं वाटायला लागलंय, हे मात्र खरं."

रांग हसली. मीही हसले, कारण मला या प्रकाराची गरज नव्हती.

खोली लहान होती. कपाळाला पट्टी बांधली, नाकाजवळ एक नळी आणली आणि यंत्र सुरू झाले. त्या ग्रंथालयाची वाचनखोली दिसली. उंच खिडक्या, हिरव्या टोप्यांचे दिवे. वर्षभर मी तिची छायाचित्रे रोज पाहत होते, त्यामुळे माझ्या मेंदूने काय केले असेल हे समजायला यंत्राची गरज नव्हती. मग इतर वस्तू येत गेल्या. तडा गेलेल्या तावदानाला चिकटवलेली एक्स-रेची फिल्म. डॉक्टरी पट्टी गुंडाळलेले विजेचे बटण. भाजलेल्या जवसाचा वास. कूलरच्या पंपाचा आवाज, दर पाचव्या फेऱ्याला अडखळणारा. सुतळीची मूठ केलेली हिरवी बादली. कोणीतरी पुरुष शीळ घालतो आहे, एकच ओळ, शेवटी चुकणारी. आणि स्टीलचा एक गंज; वऱ्हाडात पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. त्याच्या काठाखाली, जशी आपल्याकडे सगळ्या भांड्यांवर नावे घालतात तशी, ठिपक्याठिपक्यांची अक्षरे: 'सौ. इंदिराबाई खोडके'.

त्या क्षणी मला कळले की काहीतरी गडबड आहे. माझ्या घरात खोडक्यांचे भांडे असण्याचे कारण नव्हते.

अधिकारी बाई तरुण होत्या. त्या त्यांच्या भाषेत बोलत आणि काचेवरची जाळी त्याचे मराठी करी.

"आदरणीय बाई, आपले आपल्या घराशी पुरेसे संबंध आढळले नाहीत. आपला दिवस सुखाचा जावो."

"वस्तू माझ्या नव्हत्या," मी म्हणाले. "एका भांड्यावर तर दुसऱ्या कुटुंबाचे नाव होते. यादी खोटी आहे."

जाळीतून उत्तर आले. "आदरणीय बाई, कलम अकरा. निकालावर परिणाम व्हावा या हेतूने साक्षीदाराने यादी केली, असे आपण तीस दिवसांत सिद्ध केल्यास निर्देशांक रद्द होतो. आपल्याला तीन नवी नावे देऊन पुन्हा चाचणी देता येते. साक्षीदाराचे नाव आम्ही सांगू शकत नाही."

पासपोर्ट कोरा परत मिळाला.

पाठचिकित्सेत एक नियम आहे. दोन प्रतींत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरोबर तर कोणीही लिहील. दोन प्रतींत एकच चूक सारखी असली, तर मात्र त्या एकाच घराण्यातल्या. चूक हाच वंशाचा पुरावा. परतीच्या प्रवासात मी आठवतील तेवढ्या वस्तू वहीत उतरवल्या, चौतीस आठवल्या. त्यांतल्या एकीवरही माझा हक्क सांगता येईना. पण 'खोडके' ही चूक लाखमोलाची होती. कोणत्यातरी खोडक्यांच्या घरातल्या वस्तू माझ्या म्हणून कोणी पुरवल्या होत्या.

मी तीन नावे दिली होती. एक आमच्या विभागाचे निवृत्त ग्रंथपाल गुल्हाने. ते माझ्या अभ्यासिकेपलीकडे कधी आलेच नाहीत. दुसरे हेमराज. तिसरी डॉ. समिधा राऊत, माझी विद्यार्थिनी, आता सहसंपादक. पीएच.डी.च्या काळात समिधा गाडगेनगरात एका कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होती. त्या कुटुंबाचे आडनाव खोडके होते. शिवाय तिच्या पासपोर्टावर त्या देशाचा शिक्का होता, आणि मी गेले नाही तर ती तेरा पाने पाहायला तीच जाणार होती. इतका सरळ पाठ क्वचितच हाती लागतो. हेमराजांचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. त्यांना कोणी काही विचारायला जाईल, असेच मला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समिधाला विभागात गाठले. ती टेबलावर पाय घेऊन भुईमुगाच्या शेंगा खात प्रूफे वाचत होती. मला पाहून पाय खाली घेतले.

"मिळाला का मॅडम शिक्का?"

"ते तुला माहीत असायला हवं."

"म्हणजे?"

मी वही तिच्यापुढे ठेवली. "वकिलातीनं तुला यादी मागितली. तू तुझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघराची यादी दिलीस. माझ्या घरात यायला लागून तुला बारा वर्षं झाली, समिधा. चुकून दिलीस असं मला वाटत नाही."

ती वही वाचत राहिली. वाचताना तिचा चेहरा ज्या क्रमाने बदलला, तो मी पुराव्यात धरायला हवा होता. आधी राग आला, मग तो गेला, आणि मग तिने माझ्याकडे असे पाहिले जसे आपण रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतो.

"मॅडम, मला कोणी विचारलं नाही. शपथ वगैरे घेत नाही मी. पण ही यादी खोटी नाही."

"खोडक्यांचा गंज माझा?"

"तुमच्या ओट्यावर, डाव्या हाताला. काका त्यातूनच चहात दूध घालतात. इंदिराबाई खोडके हे नाव मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माझ्या घरमालकिणीचं नाव शकुंतला, म्हणून काकांना विचारलंही होतं. तुमच्या कॉलनीत प्रकटदिनाच्या महाप्रसादाला घराघरातली भांडी नेली होती, तेव्हा अदलाबदल झाली. त्या इंदिराबाईंची पुढे चंद्रपूरला बदली झाली. तुमचा गंज त्यांच्याकडे गेला, त्यांचा तुमच्याकडे राहिला. काका अजून म्हणतात, 'आता एकोणीस वर्षं झाले, तोच आपला.'"

मी वहीतली ती नोंद पुन्हा वाचली.

"एक्स-रे काकांच्या गुडघ्याचा आहे," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढत होता. "तुमच्या बाथरूमच्या खिडकीला. मॅडम, आठशे वर्षांपूर्वी कोण कोणत्या भांड्यातून ताक पीत होतं ते तुम्हाला पाठ आहे. पानाच्या क्रमांकासकट."

"तो माझा विषय आहे."

"हो ना. आणि मी चोर." तिने शेंगांची टरफले कागदात गोळा केली. "तुम्ही परत अपील करणार असाल तर त्या तीन नावांत माझं घालू नका. मला तुमच्याबद्दल काही विचारलं तर आता मी खरं सांगेन."

घरी आले तेव्हा चार वाजले होते. हेमराज भाजी आणायला गेले होते. मी चपला न काढता स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर डाव्या हाताला गंज होता. काठाखाली ठिपक्यांत इंदिराबाई खोडके होत्या; आत दुधाच्या सायीची एक रेघ. मग मी वही उघडून घर तपासले, जसे एखाद्या संग्रहातल्या पोथ्या सूचीवरून तपासतात. बाथरूमच्या तावदानाला गुडघा. जिन्याच्या बटणाला डॉक्टरी पट्टी. मोरीत हिरवी बादली, सुतळीची मूठ. कूलर सुरू केला. पंप दर पाचव्या फेऱ्याला अडखळला. जवसाच्या चटणीची बरणी फडताळात, झाकणावर कागद चिकटवलेला: 'मंजू – कमी तिखट'. मंजू मी. मंजूषा काळमेघ, या घराची निम्मी मालकीण.

चौतीसपैकी तेहतीस नोंदी जागेवर सापडल्या. संहिता शुद्ध होती. एवढी शुद्ध प्रत मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही.

यावर एक शास्त्रीय बचाव आहे, आणि मी तो तिथेच, हिरव्या बादलीसमोर उभी राहून रचला. जे नेहमी समोर असते त्याची मेंदू दखल घेणे सोडून देतो. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तशी. म्हणून लहर उठली नाही. पण हा आक्षेप यंत्र बनवणाऱ्यांनाही सुचला होता आणि त्याचे उत्तर त्याच निबंधाच्या तळटीपेत आहे. टिकटिक घरात ऐकू येत नाही हे खरे. पण तीच दुसऱ्या गावात, अनपेक्षित कानावर पडली, की माणूस दचकतो. मी मुंबईत, परक्या खोलीत, पट्टी बांधून बसले होते. मी दचकले नव्हते.

राहिलेली चौतिसावी नोंद दारातून आत आली. शीळ. एकच ओळ, शेवटी चुकणारी.

हेमराजांनी पिशवी ओट्यावर ठेवली. माझ्या हातातली वही पाहिली, चालू असलेला कूलर पाहिला. त्यांनी कूलर बंद केला.

"झालं घर फिरून?" ते म्हणाले.

"यादी तुम्ही दिलीत."

"व्हय."

"माझ्या टेबलावरचा दिवा नाही त्यात. भिंग नाही. पोथ्यांची लाल फडकी नाहीत. सव्वीस वर्षं ज्यांच्याजवळ बसले त्यातलं एकही नाही."

"नाही."

"विसरलात म्हणू नका."

"विसरनारा मानूस मी नव्हे, मंजू." त्यांनी पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि वर्तमानपत्रावर पसरली. "मागच्या महिन्यात वकिलातीचा फोन आला. ते म्हने, बाईच्या घरच्या चाळीस गोष्टी सांगा. मी म्हनलं, सांगतो. तेवढं तर मले येते."

"मग मला 'घर फिरू' कशाला म्हणालात? यादी तर देऊन झाली होती."

"देऊन झाली होती, म्हनूनच म्हनलं. फुटलेला पेपर लेकीले दाखवावा, तसा तुले आधी दाखवत होतो." त्यांनी एक पिवळे पान बाजूला टाकले. "तुले प्रूफं होते."

मी खुर्ची ओढून बसले. खुर्चीची एक वेताची पट्टी तुटलेली होती आणि तिथे निळी दोरी विणलेली होती. यादीत तीही असावी. मला न आठवलेल्या सहांपैकी.

"कशासाठी केलंत?"

ते मेथी निवडत राहिले. काड्या एकीकडे, पाने एकीकडे. "फाइल लावाले तूच देल्ली होती मले."

"करार इंग्रजीत होता."

"तीस वर्षं मशीनचे म्यान्युअल वाचले मी. ते काय संस्कृतात असतात?" ते हसले नाहीत. "थ्री इयर्स. खाली तुझी सही, तारीख गुढीपाडव्याची. त्या दिवशी मी श्रीखंड केलं होतं."

"ती फक्त तरतूद होती. मी परत येणारच होते."

"हे कोनाले सांगतं? मले, का त्या काचेमागच्या बाईले?"

मी फसवले गेले होते, आणि फसवणाऱ्याने एकही खोटे वाक्य लिहिले नव्हते; अशा गुन्ह्यासाठी माझ्या शास्त्रात संज्ञा नाही. मी एवढेच म्हणाले की पाने तीस नोव्हेंबरला बंद होतात, कलम अकरा असे असे आहे, आणि तुम्ही मला हे लेखी द्यायला हवे.

वाटले होते ते नकार देतील. तसे झाले असते तर सोपे होते.

त्यांनी हात पुसले. "माह्यं अक्षर वाचता येत नाही कोनाले. मी सांगतो, तू लिहून घे. सही करतो."

अपिलाची मुदत येत्या शुक्रवारी संपते. अर्ज भरून तयार आहे. नव्या साक्षीदारांच्या तीन नावांचा रकाना तेवढा रिकामा आहे. गेले चार दिवस मी त्यात कोणाचे नाव लिहावे याचा विचार करते आहे. सोबत जोडायचा कबुलीजबाब पुढे देत आहे. लिहून घेताना मी त्यांची भाषा सुधारलेली नाही, काही गाळलेले नाही, आणि माझे काही घातलेले नाही:

"मी, हेमराज काळमेघ, लिहून देतो का यादी मी केली. चाळीसच्या चाळीस गोष्टी खऱ्या आहेत, कोनीही येऊन पाहून घ्यावं. तिच्या टेबलावरचा दिवा, तिचं भिंग, तिच्या पोथ्यायच्या फडक्याचा वास, हे लिहिलं असतं तर ती पास झाली असती, हे मले माहीत होतं. मुद्दाम नाही लिहिलं. तीन वर्षांचा कागद मी वाचला होता. तिनं सांगतलं असतं तर ब्याग मीच भरून देल्ली असती. सांगतलं नाही, म्हनून मले वाटलं, मशीनलेच विचारावं का इतके वर्षं माह्या घरात कोन राहत होतं. मशीननं सांगतलं. आता तिले जाऊ द्या."